पिकअप, ४०७, आयशरची पावर वाढवायची तर आधी काय बघायचं, मग काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

केळी नाहीतर कापूस भरून गाडी घाटाला लागली की आपल्याकडे एकच विषय निघतो, गाडी ओढत नाही. अमळनेर-धुळ्याकडचे भाऊ तर गॅरेजवर उतरल्या उतरल्या सांगतात, "गाडीमा दम नही शे भाऊ, चिप बसाडी दे." चिप म्हणजे वायरिंगमध्ये बसणारा बॉक्स, तो बसवता येतो, रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलणं, ते पण होतं, त्याने फरक पण पडतो, मी स्वतः ते काम करतो म्हणून खात्रीने सांगतो. पण दहातल्या बहुतेक गाड्यांची कंपनीने दिलेली पावरच कुठेतरी गळून गेलेली असते आणि त्यावर चिप बसवली की इंजिन अजून गरम होतं, धूर मारतं आणि पावसाळ्याच्या आत हेड उघडावं लागतं. म्हणून जो क्रम सांगतोय तो तसाच धरा, मधलं काही सोडू नका, आणि रिमॅप शेवटी.

आधी थोडा हिशोब करू, कंटाळू नका, कारण हा हिशोब कळला की पैसे वाचतात. सहा टक्के चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ६ मीटर वर. गाडी आणि माल मिळून ३ टन असेल आणि घाटात ४० च्या स्पीडने जायचं असेल तर चढ आणि टायरचं घर्षण मिळून चाकावर साधारण ३० हॉर्सपॉवर लागतात, तीच गाडी ४ टनाची केली की ४० लागतात. म्हणजे एका टनाला १० हॉर्सपॉवर. आता ७५ हॉर्सपॉवरच्या टर्बो डिझेलवर नीट केलेला रिमॅप १० ते १५ हॉर्सपॉवर वाढवून देतो. याचा अर्थ टनभर, दीड टन जास्तीचा माल टाकला की तुमचा सगळा रिमॅप त्या मालाने खाल्ला, आणि गाडी परत होती तिथेच. त्यात ओव्हरलोड पकडला तर २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० वेगळे. तेव्हा आधी गाडी भरलेली असताना वजनकाट्यावर चढवा आणि खरा आकडा बघा, अंदाजे "दीडच टन आहे" म्हणू नका, ओल्या केळीचं आणि गच्च दाबलेल्या कापसाचं वजन डोळ्याला कळत नाही.

दुसरा हिशोब गिअरचा, आणि हा तर फुकटातला आहे. हॉर्सपॉवर काढायची सोपी रीत म्हणजे टॉर्क न्यूटन मीटरमध्ये गुणिले आरपीएम, भागिले ७१२१. समजा इंजिन १४०० ते २२०० आरपीएमपर्यंत २०० न्यूटन मीटर देतं, पिकअपच्या २.५ लिटर इंजिनाचा आकडा याच्या आसपासच असतो. १४०० ला ते इंजिन देतं ३९ हॉर्सपॉवर, २२०० ला देतं ६२. इंजिन तेच, डिझेल पंप तोच, फक्त गिअर खालचा टाकला म्हणून २३ हॉर्सपॉवर जास्त, एवढी तर कुठलीच चिप देत नाही. आपले ड्रायव्हर लोक काय करतात, डिझेल वाचेल म्हणून चौथ्यातच १२००-१३०० वर गाडी रेटत राहतात, एक्सिलेटर पूर्ण दाबलेला, गाडी थरथरते, सायलेन्सरमधून काळा धूर. असं चालवून डिझेल वाचत तर नाहीच, उलट पिस्टन आणि टर्बो तापतात. कन्नड घाट, कोंडाईबारी, लळिंग कुठेही जा, चढ सुरू व्हायच्या आधीच तिसरा टाका आणि २००० च्या पुढेच ठेवा. हे करूनही गाडी ओढत नसेल तर पुढचं वाचा.

पावर कुठे गळतेय ते शोधा

सगळ्यात आधी गाडी १५-२० किलोमीटर चालवून आणा, शेवटी जमेल तेवढा ब्रेक कमी वापरा, आणि थांबल्यावर चारही चाकांच्या ड्रमजवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर ब्रेक चिकटतोय, सिलेंडर जाम आहे किंवा हँडब्रेकची केबल ढिली होत नाहीये. इंजिन बिचारं ब्रेक ओढतंय आणि आपण पंपाला दोष देतोय असं फार वेळा दिसतं. मग टायरची हवा बघा. आणि कंपनीच्या साइजपेक्षा मोठे टायर टाकले असतील तर ते पण समजून घ्या, टायर उंच झाला की चाकावरचा जोर तेवढ्याच टक्क्याने कमी होतो, दिसायला गाडी भारी दिसते पण घाटात मागे पडते.

क्लच घसरतोय का हे बघायला वरच्या गिअरला ४०-४५ च्या स्पीडवर एकदम पूर्ण एक्सिलेटर द्या. आरपीएम वर पळतोय आणि स्पीड जागेवर, तर क्लच प्लेट संपत आली. जिचा क्लच आत्ताच घसरतोय तिचं ट्युनिंग करायचंच नाही, आधी क्लच.

हवा

डिझेल इंजिनात पावर डिझेल वाढवल्याने वाढते हे खरं, पण ते डिझेल जाळायला हवा लागते. एक किलो डिझेल पुरतं जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते आणि प्रत्यक्षात धूर नको असेल तर त्याच्यापेक्षा बरीच जास्त. हवा कमी पडली की उरलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं आणि सायलेन्सरकडचं टेम्परेचर चढतं. म्हणजे काळा धूर हा पावरचा नाही, वाया गेलेल्या डिझेलचा आहे, हे ज्याला पटलं त्याचं निम्मं ट्युनिंग झालं.

आता आपल्या खानदेशात हवेचा विषय बाकीच्यांपेक्षा अवघड आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशाला जेवढा ऑक्सिजन एका लिटर हवेत असतो त्यापेक्षा ४५ अंशाला तो ११ टक्के कमी असतो, नुसता हवा गरम झाली म्हणून. त्यात टर्बो हवा दाबतो आणि दाबली की हवा तापते, ४५ अंशाची हवा एक बार बूस्टला (टर्बो हवेला देतो तो दाब) टर्बोतून बाहेर पडते तेव्हा १४० अंशांच्या आसपास असते. ती थंड करायचं काम इंटरकूलरचं. इंटरकूलर साफ असेल तर हीच हवा ६०-६५ वर येते आणि तेवढ्याच जागेत पाचव्या हिश्श्याहून जास्त हवा मावते. म्हणून आपल्याकडे पावर वाढवायची सुरुवात इंटरकूलरपासून करायची असं माझं ठाम मत आहे.

बघायचं कसं तर पुढची जाळी काढा आणि टॉर्च घेऊन आत बघा. कापसाच्या सीजनमध्ये जिनिंगला फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत पांढऱ्या रुईचा थर बसलेला असतो, त्यावर काळ्या मातीची धूळ, त्यावर कुठून तरी आलेलं ऑइल, सगळं मिळून नमद्यासारखं घट्ट झालेलं, पट्ट्या दिसतच नाहीत. समोरून बघितलं तर इंटरकूलर साफ दिसतो, घाण मागे असते, म्हणून बरेच जण फसतात. दोन्ही वेगळे करा, आधी ब्रशने कोरडी रुई ओढून काढा, मग डिग्रीजर मारून थोडा वेळ ठेवा आणि पाणी मागून पुढे मारा, म्हणजे घाण जिकडून आली तिकडेच निघेल. वॉशिंग सेंटरचं फुल प्रेशर जवळून मारायचं नाही, पट्ट्या वाकल्या की संपलं. आतून ऑइल साचलं असेल तर ते पण काढा, आणि ऑइल भरपूर असेल तर टर्बोचं सील किंवा ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) बघावं लागेल.

एअर फिल्टर फुंकून फुंकून वापरू नका. काम्प्रेसरने हवा मारली की कागदाला बारीक भोकं पडतात, डोळ्याला दिसत नाहीत, पण शेतातली काळी धूळ त्यातून आत जाते आणि रिंगा-लायनर खाते. आपल्याकडच्या रस्त्यांवर कंपनी सांगते त्याच्या निम्म्या किलोमीटरला बदलला तरी चालेल. आणि ते उघडं "कोन" फिल्टर गाडीच्या बॉनेटखाली बसवू नका, आवाज भारी येतो पण ते इंजिनाजवळची तापलेली हवा ओढतं, म्हणजे पावर कमीच होते.

बूस्ट लीक हा पुढचा चोर. टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंत जे रबरी होज पाइप असतात ते खालच्या बाजूने फाटतात, क्लॅम्प ढिले होतात. गाडी उभी असताना काही कळत नाही, बूस्ट आल्यावरच फट उघडते. टेस्ट सोपी आहे, एअर फिल्टरकडच्या पाइपला टोपी करून त्याला टायरचा व्हॉल्व्ह बसवा, एक बारच्या आसपास हवा भरा, त्याच्यावर जाऊ नका, आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले तिथे लीक. गाडी चालवताना शिट्टीसारखा किंवा फुस्स आवाज येतो, धूर वाढतो आणि ओढ कमी होते, तर ९० टक्के हेच.

टर्बोचं चाक हाताने हलवून बघा. बाजूला बारीक हालचाल चालते, पण पुढे-मागे सरकत असेल किंवा पंखा बॉडीला घासत असेल तर टर्बो आधी दुरुस्त. आणि एक कळकळीची विनंती, वेस्टगेटची (टर्बोकडचा जास्तीचा गॅस सोडणाऱ्या झडपेची) रॉड आवळून बूस्ट वाढवायचा जो प्रकार चालतो तो करू नका. टर्बो जास्त फिरतो, हवा जास्त तापते, बूस्टचा काटा वर दिसतो म्हणून माणूस खूश होतो, पण हवा गरम असल्याने ऑक्सिजन तेवढा वाढत नाही आणि टर्बोची शाफ्ट जाते. नवीन सीआरडीआय गाडीत, म्हणजे जिचं डिझेल कॉम्प्युटर सोडतो तिच्यात, ईसीयूला (त्याच कॉम्प्युटरला) बूस्ट जास्त दिसला की ती लिंप मोडमध्ये जाते, स्वतःच पावर कमी करून टाकते, मग आहे तो पण दम गेला.

डिझेल

डिझेल फिल्टर बदला, खालचं पाणी सोडा, टाकीतली जाळी बघा. हायवेवर स्वस्तात मिळणारं बायोडिझेल म्हणून जे विकतात ते टाकू नका. माझ्याकडे आलेल्या गाड्यांमध्ये त्यामुळे इंजेक्टर चिकटलेले आणि हाय प्रेशर पंपातून लोखंडाचा भुगा निघालेला बघितलाय, लिटरमागे वाचलेले पैसे एका पंपात दहापट गेले.

जुन्या गाडीला मेकॅनिकल पंप असेल तर पंप आणि नोझल लॅबवर टाका. टेस्ट बेंचवर प्रत्येक सिलेंडरचं डिझेल काचेच्या नळ्यांमध्ये मोजतात, तेव्हा समोर उभं राहून बघा, चारही नळ्या सारख्या भरल्या पाहिजेत. एक सिलेंडर जास्त आणि एक कमी घेत असेल तर पंप कितीही वाढवा, जास्तवाला आधी जळेल. नोझलचा स्प्रे धुक्यासारखा हवा, धार नको, थेंब तर अजिबातच नको.

सीआरडीआय गाडीत इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळीला एकेक बाटली लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि कुठल्या बाटलीत डिझेल जास्त येतं ते बघायचं, ज्याचं दुप्पट-तिप्पट येतंय तो इंजेक्टर आतून लीक आहे आणि रेलचं (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीचं) प्रेशर तोच पाडतोय. इंजेक्टर बदलला की त्याच्या डोक्यावर छापलेला कोड स्कॅनरने ईसीयूत टाकावा लागतो, हे बरेच ठिकाणी करतच नाहीत आणि मग गाडी आयडलला खडखड करते.

यानंतर टॅपिट सेटिंग, कॉम्प्रेशन चेक. कॉम्प्रेशन सिलेंडर-सिलेंडरमध्ये खूप वेगळं असेल तर इथेच थांबा, त्या इंजिनाला काम लागणार आहे, ट्युनिंग नाही.

थंड ठेवायची सोय

पावर वाढवली की उष्णता वाढणारच आणि ती बाहेर काढायला रेडिएटर एकच आहे. आपल्या बोअरचं पाणी खारं आणि जड, रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं तेच भरत आलो म्हणून आतून पांढरा थर बसतो आणि नळ्या अर्ध्या होतात. रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणं) करून घ्या नाहीतर कोअर बदला आणि पुढे कूलंट वापरा, तेही शुद्ध पाण्यात मिसळून. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे ती चुकीची. इंजिन थंडीत नीट तापत नाही, डिझेल जास्त खातं, रिंगा घासतात, आणि कितीतरी इंजिनात थर्मोस्टॅट काढला की पाण्याचा रस्ताच बदलतो आणि भर उन्हात उलट जास्त तापतं. व्हिस्कस फॅन असेल तर इंजिन कडक गरम असताना फॅन जोरात आवाज करत फिरतो का बघा, नुसता हलका फिरत असेल तर तो गेला.

मीटर बसवल्याशिवाय डिझेल वाढवायचं नाही

हा मुद्दा लोक टाळतात, आणि हाच सगळ्यात महत्त्वाचा आहे. डॅशबोर्डवरचा टेम्परेचरचा काटा पाण्याचं सांगतो, तो हलायला लागेपर्यंत पिस्टनचं नुकसान होऊन गेलेलं असू शकतं. खरा आकडा लागतो सायलेन्सरच्या गॅसचा, ज्याला ईजीटी म्हणतात. त्यासाठी के टाइप थर्मोकपल आणि एक मीटर लागतो. थर्मोकपल एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी, जिथे सगळ्या सिलेंडरचा गॅस एकत्र येतो तिथे बसवायचा. टर्बोनंतर बसवला तर लोडवर आकडा शंभर-दीडशे अंशांनी, कधी त्याहून जास्त कमी दिसतो आणि माणूस निश्चिंत राहतो, आणि तेच धोक्याचं आहे. ड्रिल मारताना टर्बो काढून घ्या, लोखंडाचा एक कण जरी टर्बाइनमध्ये गेला तरी पाती तुटतात. काढायला जमतच नसेल तर ड्रिलला ग्रीस लावून हळूहळू मारा आणि दर थोड्या वेळाने चुंबकाने कण काढा.

मी धरतो ती मर्यादा अशी, सलग चढावर ७०० अंश सेल्सिअसच्या खाली, ओव्हरटेकच्या वेळी क्षणभर थोडं वर गेलं तर चालेल पण तिथे टिकायला नको. ट्युनिंगच्या आधी मीटर बसवून ओरिजनल गाडी भरून घाटात न्या आणि आकडा लिहून ठेवा. ओरिजनललाच ६८० दाखवत असेल तर तुमच्याकडे वाढवायला जागाच नाही, आधी हवा आणि इंटरकूलर बघा. ६०० च्या आसपास असेल तर जागा आहे. सोबत एक बूस्ट मीटर लावा, तो स्वस्त मिळतो.

आता ट्युनिंग

मेकॅनिकल पंपाची टर्बो गाडी असेल तर फुल लोडचा स्क्रू असतो, त्यावर सील असतं. हा स्क्रू रस्त्यावर पाना लावून फिरवायचा प्रकार नाही. लॅबवाल्याला सांगून बेंचवरच डिलिव्हरी थोडी वाढवून घ्या, आठ-दहा टक्के, आणि टर्बो गाडीच्या पंपावर बूस्टनुसार डिझेल सोडणारं जे डायफ्रॅम असतं ते फाटलेलं नाही ना हे तिथेच बघून घ्या, ते फाटलं की बूस्ट येऊनही डिझेल वाढत नाही आणि बऱ्याच जुन्या गाड्यांचा "दम" नुसता ते डायफ्रॅम बदलून परत येतो. गव्हर्नरच्या स्क्रूला अजिबात हात लावू द्यायचा नाही, जास्तीत जास्त आरपीएम त्याच्यावर ठरतो आणि तो सुटला तर इंजिन मर्यादेबाहेर पळतं, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. टर्बो नसलेल्या गाडीत डिझेल वाढवून काही मिळत नाही, फक्त धूर.

सीआरडीआय गाडीसाठी दोन रस्ते. एक बॉक्स, जो रेलच्या सेन्सरच्या वायरिंगमध्ये मध्ये बसतो आणि ईसीयूला प्रेशर कमी आहे असं खोटं दाखवतो, मग ईसीयू प्रेशर वाढवतो. काढायला सोपा आहे पण तो आंधळा असतो, बूस्ट किती, हवा किती गरम याचा त्याला पत्ता नसतो, आपल्या उन्हाळ्यात तर मला तो आवडत नाही. ओबीडी सॉकेटमध्ये (स्कॅनर लावायच्या जागी) खुपसायची जी हजार-पाचशेची चिप ऑनलाइन मिळते, तिच्यात दिवे लुकलुकतात, दुसरं काही होत नाही, पैसे घालू नका. पेडल बॉक्स म्हणून जो येतो त्याने एक्सिलेटर चटकन लागतो असं वाटतं, पावर एका हॉर्सपॉवरने पण वाढत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे ईसीयूचा रिमॅप, आणि तो नीट केला तर मला हाच पसंत. यात ईसीयूमधली फाइल वाचतात आणि डिझेलचं प्रमाण, रेल प्रेशर, टायमिंग, बूस्ट, टॉर्कची मर्यादा आणि धुराची मर्यादा यांचे तक्ते बदलतात. टर्बो डिझेलवर १५ ते २५ टक्के म्हणतात, मालाच्या गाडीला मी १५ च्या वर जाऊ देत नाही, कारण कार दहा सेकंद फुल एक्सिलेटरवर असते आणि आपली पिकअप घाटात दहा मिनिटं असते, त्यामुळे कारच्या पोरांचा अनुभव आपल्याला लागू होत नाही.

ट्युनरकडे जाताना त्याला सरळ विचारा, ओरिजनल फाइल वाचून मला देणार का. देणार नसेल तर उठून यायचं. फाइल माझ्याच गाडीची वाचून बदलणार की दुसऱ्या गाडीची तयार फाइल टाकणार, तेही विचारा, एकाच मॉडेलमध्ये पण सॉफ्टवेअरचे नंबर वेगळे असतात. धुराची मर्यादा किती सोडणार, आणि हवा-पाण्याचं टेम्परेचर वाढलं की पावर कमी करायची जी सोय कंपनीने दिलेली असते ती तशीच ठेवणार ना, यावर अडून बसा, खानदेशात ती काढली तर इंजिनाचं रक्षण करणारं कोणी उरत नाही. टॉर्क एकदम १३०० ला न देता १८०० च्या पुढे वाढवायला सांगा, खालच्या आरपीएमला हवा कमी असते, तिथे टॉर्क वाढवला की धूर, कनेक्टिंग रॉडवर मार आणि क्लच लवकर जातो. फाइल टाकताना बॅटरीला चांगला सप्लाय जोडलेला असला पाहिजे, मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीयू मरतो.

स्पीड गव्हर्नर असलेल्या गाडीचा गव्हर्नर काढून घेऊ नका. आपल्याला चढावर ओढ पाहिजे, उतारावर १०० चा स्पीड नको, ब्रेक कंपनीचेच आहेत.

बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या) गाडीबद्दल वेगळं सांगतो, कारण १ एप्रिल २०२० नंतरच्या सगळ्या गाड्या त्यात येतात. या गाड्यांना डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) असतो, मोठ्या गाड्यांना तर युरियाची टाकी पण, ज्यात ३२.५ टक्के युरियाचं पाणी लागतं. डीपीएफ चोक झाला की गाडी खरोखर ओढत नाही आणि मग "डिलीट करून देतो, दम येईल" असं सांगणारे भेटतात. करू नका. डीपीएफ चोक होतो त्याचं कारण बहुतेक वेळा लीक इंजेक्टर, फाटका होज, चुकीचं ऑइल किंवा गाडी कायम गावातल्या गावात चालवून रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळून टाकणं) अर्धवट राहणं हे असतं. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला २००० आरपीएमच्या वर २०-३० मिनिटं सलग चालवा, रिजनरेशन चालू असताना इंजिन बंद करू नका, आणि लो अॅश लिहिलेलंच ऑइल टाका. हे करून डीपीएफ मोकळा झाला की गेलेली ओढ परत येते. डिलीट केलेली गाडी काळा धूर गावात सोडते, तो धूर आपलीच पोरं श्वासात घेतात.

कायद्याचं पण स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वॉरंटी जाते, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हेच कारण पुढे करू शकतो. मालाची गाडी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेसला जाते हे लक्षात असू द्या. म्हणून वॉरंटीतल्या आणि बीएस ६ गाडीचा रिमॅप मी करत नाही, गेलेली पावर परत आणून देतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक मालक तेवढ्यावर खूश होऊन जातात. जुन्या गाडीचा करायचाच असेल तर आधी आरटीओत विचारा आणि इन्शुरन्सला लेखी कळवा.

टेस्ट कशी घ्यायची

डायनो (पावर मोजायचं मशीन) आपल्या जवळपास प्रत्येकाला मिळेल असं नाही, पण रस्ता आहे. धुळे-जळगाव हायवेचा एखादा सपाट तुकडा ठरवा, पहाटे जा, वारा आणि गर्दी नसते. काट्यावर वजन करून घेतलेली गाडी, तिसरा गिअर, ३० वरून पूर्ण एक्सिलेटर देऊन ५० पर्यंत, शेजारी बसलेल्याने मोबाइलवर मीटरचा व्हिडिओ काढायचा. जाताना आणि येताना दोन्हीकडे घ्या म्हणजे रस्त्याचा उतार कटतो. ट्युनिंगच्या आधी आणि नंतर, तेच वजन, तोच तुकडा, शक्यतो तेच टेम्परेचर. वेळ १० सेकंदांवरून ८.५ वर आला तर पावर वाढली, नाहीतर फक्त एक्सिलेटर हलका झालाय. ब्लूटूथ स्कॅनर मिळतो स्वस्तात, तो ओबीडीला लावून मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळालेलं, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला, हे बघा. मागितलेलं जास्त आणि मिळालेलं कमी राहत असेल तर कुठेतरी लीक आहे किंवा पंप थकलाय आणि रिमॅप त्याला अजून ओढतोय.

मग घाटात, भरलेली गाडी, ईजीटीवर डोळा ठेवून. आधी लिहून ठेवलेल्या आकड्यापेक्षा ५० अंशांपर्यंत वाढला आणि ७०० च्या खाली राहिला तर फाइल बरोबर. त्याच्या वर गेला तर ट्युनरकडे परत जाऊन डिझेल कमी करून घ्या, त्याने "चलता है" म्हटलं तरी ऐकू नका, इंजिन तुमचं आहे. ही टेस्ट मे महिन्याच्या दुपारी एकदा परत करा. जानेवारीत केलेलं ट्युनिंग जानेवारीचंच असतं.

पावर वाढल्यावर ऑइल आधीपेक्षा लवकर बदला, क्रॉस आणि क्राऊनचा (मागच्या चाकांना जोर पोचवणाऱ्या जोडाचा आणि गिअरचा) आवाज कानावर ठेवा, इंजिन फाउंडेशनचे रबर बघत राहा, ब्रेक लायनर अर्ध्यावर आले की बदला. घाट चढून वर आलं की ढाब्यावर लगेच किल्ली फिरवायची नाही, दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवायची म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथल्या तिथे जळत नाही. आणि गाडी ड्रायव्हर चालवत असेल तर हे सगळं त्याला शेजारी बसवून दाखवा, मीटरवर ७०० च्या रेघेला लाल टेप लावा आणि त्याला सांगा की काटा तिथे आला की गिअर खाली, पाय हलका, उशीर झाला तरी चालेल, त्यासाठी कोणी बोलणार नाही.